वास्तव्य: बरकतपुरा

१

चार वाजले की आईला झाड लागतं. चहा नंतर, आधी झाड.

झाड म्हणजे आमच्या घराण्याची वंशावळ, आणि ती कॉम्प्युटरमध्ये आहे. माझे वडील एकनाथराव वीज मंडळातून निवृत्त झाले आणि बाकीचे निवृत्त लोक जशी गुडघ्यांची काळजी घेतात तशी त्यांनी पूर्वजांची घेतली. उदगीर, भालकी, बिदर असं हिंडून चारशे बारा माणसं गोळा केली. जुन्या कागदांवरचे निजामाच्या काळातले फसली सन घेऊन, त्यात पाचशे नव्वद मिळवून, एकेकाला इसवी सनात आणून बसवलं. ही सगळी गर्दी ठेवायला त्यांनी हैदराबादच्या कोटी भागातल्या बाजारातून एक परदेशी प्रोग्राम आणला होता, सीडीवर, दोन हजार एक साली. तो फक्त विंडोजवर चालायचा आणि त्याची फाइल दुसऱ्या कशातच उघडायची नाही.

बाबा रोज चार वाजता आईला एक फांदी वाचून दाखवायचे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून मी वाचतो. मी दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. सकाळी सातला जातो, साडेतीनला बरकतपुऱ्याला घरी असतो. बायको श्रुती माधापूरहून यायला आठ वाजवते. त्यामुळे दुपार माझी आणि आईची.

आई, मालनबाई, एकोणऐंशी वर्षांची. काचबिंदूनं तिची नजर अशी खाल्ली आहे की अक्षरं दिसत नाहीत, रंग दिसतात. प्रोग्राममध्ये जिवंत माणसाची चौकट पिवळी असते, गेलेल्याची राखाडी. वाचन झालं की आई पडद्याजवळ तोंड नेते आणि आमच्या फांदीच्या पिवळ्या चौकटींवर एकेक बोट टेकवते. ती स्वतः, कॅनडातला माझा मोठा भाऊ हेमंत, त्याची बायको रसिका, मी, श्रुती. पाच. पुढे कुणी नाही, आमच्या फांदीला पान फुटलं नाही. पाच भरले की ती म्हणते, "हौ, बरोबर आहे," आणि मग चहा मागते.

ते बरोबर नव्हतं. दादा डिसेंबरात गेला होता.

२

एडमंटनला घरासमोरचा बर्फ उपसताना तो खाली बसला आणि उठला नाही. वहिनीचा फोन आला तेव्हा आई दवाखान्यातून घरी येऊन तीनच आठवडे झाले होते. हृदयाचं दुखणं. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या वेळेवर द्या आणि कसलाही धक्का नको. मी श्रुतीला म्हटलं, आत्ता नको सांगायला. हे आत्ता दोन महिने पुरलं.

सुतक पाळायचं तर देव्हारा बंद ठेवावा लागतो, आणि देव्हारा बंद दिसला की आई विचारणार. म्हणून दिवा रोज लागला. त्या दहा दिवसांत शेजारच्या लग्नाचे लाडू आले, ते आईसमोर बसून खाल्ले. तेरावा झाला नाही. दहाव्याला कावळ्याला काही ठेवलं नाही. मी रडलो नाही, आणि हे काही मोठेपणा म्हणून सांगत नाही. दात काढताना इंजेक्शन दिलं की ओठ आपला राहत नाही ना, तसं मला सगळं अंगभर झालं होतं.

दादाचे जुने व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये होते, एकोणीस. तीन-चार दिवसांनी एक लावायचो. "हौ आई, जेवलो. गोळ्या घेतल्यास ना? नक्को काळजी करू." आई फोनला उत्तर द्यायची, मी पाठवल्यासारखं करायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दादा गेला त्याच आठवड्यात बाबांचा जुना कॉम्प्युटर बसला, तो कायमचा; डिस्कवरची फाइल तेवढी वाचली. चार वाजता झाड तर हवंच. माझ्याकडे लॅबमधला लिनक्सचा लॅपटॉप होता. लिनक्सवर विंडोजचा प्रोग्राम चालत नाही, पण वाईन नावाची एक सोय असते. नाव दारूचं आणि काम सगळं शुद्धीवर राहून करायचं. ही वाईन प्रोग्रामला भासवते की तो विंडोजमध्येच आहे. सी ड्राइव्ह नावाचा एक फोल्डर बनवून देते, प्रोग्राम जे मागेल ते त्याच्या हातावर ठेवते. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच तो चालतो.

दादा गेल्याच्या चौथ्या दिवशी मी हे काम काढलं. हाताला काहीतरी हवं होतं. आधी सगळी नावं चौकोन चौकोन दिसली. मग बाबांचा जुना मराठी फॉन्ट शोधून त्या खोट्या विंडोजमध्ये टाकला, तशी चारशे बारा माणसं पुन्हा वाचता यायला लागली. एकच गोष्ट जमली नाही. बाबा ज्या कीबोर्डच्या प्रोग्रामनं मराठी टाइप करायचे तो काही केल्या चालेना. म्हणजे झाड वाचता येत होतं, आकडे घालता येत होते, पण मराठीत नवीन अक्षर लिहिता येत नव्हतं. मी तो नाद सोडला. लिहायचं तरी काय होतं?

३

जानेवारी संपत आला होता. त्या दिवशी आईनं आमचीच फांदी मागितली. मी दादाची चौकट उघडली आणि खालची यादी वाचायला लागलो. जन्म, हैदराबाद, एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मुंज, बिदर. लग्न, पुणे. वास्तव्य, एडमंटन, दोन हजार तीनपासून. बाबांनी केलेल्या नोंदी इथे संपतात. मला त्या पाठ होत्या.

त्यांच्याखाली आणखी एक ओळ होती.

वास्तव्य: लंडन. समोर तारीख, एकवीस जानेवारी. गेला मंगळवार.

मी एडमंटनला थांबलो. खाली रस्त्यावर तरबूजवाला ओरडत होता, स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. आई वाट बघून म्हणाली, "पुढं?"

"झालं आई. एवढंच."

तिनं बोट टेकवून पाच मोजले. पण "बरोबर आहे" म्हणाली नाही. चहा मात्र मागितला.

४

माझ्या धंद्यात भूत नसतं, वापरणारा असतो. साठ मशीनच्या लॅबमध्ये रोज कुणीतरी येऊन सांगतं की सर, आपोआप झालं. नाचता येईना अंगण वाकडं. आपोआप काही होत नाही, हे मी पोरांना इतक्या वेळा सांगितलंय की माझा त्यावर विश्वास बसला होता.

तेव्हा मी रांगेनं गेलो. फाइल शेवटची कधी बदलली? डिसेंबरात, मी कॉपी केली तेव्हा. त्यानंतर नाही. लॅपटॉपला दुसऱ्या कुणाचा पासवर्ड? नाही. मी इंटरनेट तोडलं. फाइलला कुलूप लावलं, म्हणजे वाचता येईल, बदलता येणार नाही. ती ओळ पुसली तर पुसली गेली, आणि प्रोग्राम बंद करून उघडला की होती तिथे होती.

बरं, जुनी नोंद कुठूनतरी वर आली म्हणावी तर बाबांनी लंडन कधी टाकलंच नव्हतं. जागांच्या यादीत ते नावच नाही. आणि अक्षरं बाबांच्या फॉन्टमधली. ती टाइप करायची सोय या घरात आता कुणाकडेच नव्हती, माझ्याकडेही नाही.

शेवटी बाबांची लाकडी पेटी काढली. त्यात त्यांनी स्वतः भरून ठेवलेली एक सीडी होती, वर त्यांच्या हातचं "वंशावळ, दसरा २०१९." सीडीवर एकदा लिहिलं की लिहिलं, नंतर त्यात कुणाला काही घालता येत नाही. मी ती लॅबमध्ये नेली. सकाळची बॅच सुटल्यावर कोपऱ्यातल्या मशीनवर वाईन बसवली, फॉन्ट टाकला, आणि सीडीवरून थेट फाइल उघडली.

लंडन होतं. त्याच्याखाली अजून एक ओळ होती. वास्तव्य: मुंबई, चार फेब्रुवारी, म्हणजे आदला दिवस.

मी मशीन बंद केलं. सीडी पाकिटात घातली आणि शेजारच्या शिक्षकाबरोबर कँटीनमध्ये जाऊन इडली खाल्ली. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. एवढंच आठवलं की दादा कॅनडाहून पहिल्यांदा घरी आला तो याच वाटेनं आला होता. लंडन, मुंबई, मग रेल्वेनं सिकंदराबाद.

५

त्या दुपारी मी पुन्हा एडमंटनला थांबलो.

"एक घर गाळलास," आई म्हणाली.

"कुठलं घर?"

"मला काय विचारूलालास? वाचणारा तू." तिनं डोकं माझ्याकडे वळवलं. ती बघते तेव्हा नजर माझ्या कानाच्या बाजूनं जाते. "दोन गाळलास."

मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, दादाचा मेसेज आलाय, लावू? माझ्याकडे आता न वाजवलेले दोनच उरले होते.

"नक्को," आई म्हणाली. "स्वतःच येऊलालाय तो, मग हे कशाला?"

"कोण म्हणालं तुला येतोय?"

तिनं पदर खोचला. उठली, भिंत धरत मागच्या खोलीत गेली. ती दादाची जुनी खोली, आता तिथे धान्याचे डबे आणि श्रुतीची शिलाई मशीन असते. थोड्या वेळानं धप् धप् आवाज आला. आई गादी गॅलरीत टाकून काठीनं झोडत होती. एकोणऐंशी वर्षांची हृदयाची पेशंट. मी काठी काढून घ्यायला गेलो तर म्हणाली, "तू झोड मग." मी झोडली. धूळ बरीच निघाली.

६

श्रुती पुण्याची, त्यामुळे आमच्या घरात सरळ मराठी आणि सरळ बोलणं, दोन्ही तिच्याकडेच. रविवारी सकाळी आई पूजेला बसली तेव्हा मी तिला पडदा दाखवला. तिनं दोन्ही ओळी वाचल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तू टाकलंयस."

"मला टाकता येत नाही, श्रुती. मराठी टाइपच होत नाही यात."

"रितेश, तू साठ मशीन सांभाळतोस. तुला येत नाही असं काय आहे?" ती ओरडत नव्हती. माझा हात धरून बोलत होती, आणि मला तो हात कळत होता पण लागत नव्हता. "दोन महिन्यांत तू एकदाही रडला नाहीस. त्याचे मेसेज लावतोस. आता त्याला गावोगाव फिरवतोयस. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ते उगाच नाही. आईंना सांग. आणि त्याआधी तिथे तारीख घाल."

तारीख घालायची म्हणजे मृत्यूच्या रकान्यात आकडे लिहायचे. ते मला जमण्यासारखं होतं. आकडे लिहिले की चौकट राखाडी होते आणि वास्तव्याची यादी बंद होते, मेलेल्या माणसाचं पुढचं घर प्रोग्राम घेत नाही. पण राखाडी रंग आईला दिसतो. चार वाजता ती बोट टेकवणार, चार मोजणार, आणि तिचं हृदय तिथेच त्या खुर्चीत थांबलं तर ते मी केलेलं असेल. दुसरं कारण मी श्रुतीला सांगितलं नाही. दादा गेला हे मला माहीत होतं, एवढंच. ती तारीख लिहिली असती तर ते खरं झालं असतं.

"डॉक्टरांना विचारून बघू," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी वहिनीला फोन केला. तिकडे सकाळ होती. झाडाची एखादी प्रत दादाकडे होती का, एवढंच विचारायचं होतं. नव्हती.

"आईंना सांगितलंत का, भावजी?"

"नाही अजून."

 मागे फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मग वहिनी म्हणाली, "तुम्हाला वेडेपणा वाटेल. पण महिनाभर मला वाटायचं हे घरातच आहेत. वर चालल्यासारखं, कपाट उघडल्यासारखं. मी घाबरले नाही कधी. उलट सोबत होती. आता काहीच नाही. घर एकदम रिकामं झालंय."

"आता म्हणजे कधीपासून?"

"वीस-एकवीस जानेवारी असेल. का?"

मी म्हटलं, असंच.

७

सोमवारी सिकंदराबाद आलं.

मंगळवारीही सिकंदराबादच होतं. मी लॅबमधून निघालो आणि घरी न येता सिकंदराबाद स्टेशनला गेलो. एक नंबरच्या फलाटावर दीड तास बाकावर बसलो. का ते विचारू नका. माणसं उतरत होती, चढत होती, तेलुगूत, हिंदीत, उर्दूत एकमेकांना हाका मारत होती. दादासारखं कुणी दिसलं नाही. त्याच्यासारखं दिसायचं म्हणजे कसं, तेही मला नीट आठवेना. घरी यायला पाच वाजले. आई रिकाम्या पडद्यासमोर खुर्चीत बसून होती.

"चुकामूक झाली तुमची," ती म्हणाली.

बुधवारी ओळ आली, काचीगुडा.

काचीगुडा स्टेशन आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. बॅग ओढत आलात तर वीस. इथे मात्र माझ्या आत काहीतरी हललं, त्या औषध दिलेल्या ओठाखाली थोडं दुखायला लागावं तसं. मला भीती वाटली. स्वच्छ भीती. आणि लाज वाटली की भीती कुणाची, तर सायकलच्या दांडीवर बसवून मला शाळेत नेणाऱ्या माणसाची.

मी ठरवलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक जास्तीची गोळी सांगितली आणि म्हणाले, शांतपणे सांगा, एकटं सोडू नका. श्रुतीला सांगितलं की उद्या, गुरुवारी, सांगतो. ती सुट्टी घेते म्हणाली, पण तिची कसलीतरी मीटिंग होती, ती पाचपर्यंत येणार होती. मी आधी तारीख घालणार होतो. मग चार वाजता आईला सांगणार होतो. मग जे होईल ते.

८

गुरुवारी साडेतीनला घरी आलो. आई मागच्या खोलीत होती. मी लॅपटॉप उघडला, फाइलचं कुलूप काढलं, प्रोग्राम चालू केला. त्यानं नेहमीसारखा वेळ घेतला, आपल्या खोट्या खिडक्या-दारं तपासली, आणि उघडला.

वास्तव्य: बरकतपुरा. आजची तारीख.

मी मृत्यूच्या रकान्यावर गेलो. आमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. दिवस लिहिला. खाली जिन्याचं लोखंडी फाटक वाजलं. महिना लिहिला. बॅगेची चाकं पायरीवर आपटायला लागली. टक्, मग ओढल्याचा आवाज, मग टक्. कुणीतरी जड बॅग एकेक पायरी वर आणत होतं, आणि घाई करत नव्हतं. इमारतीत चौदा माणसं राहतात, त्यातलं कुणीही असू शकतं. मी स्वतःला हेच सांगितलं. सांगता सांगता वर्ष लिहिलं.

चौकट राखाडी झाली.

जिन्यातला आवाज थांबला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबला असावा. पावलं खाली गेली नाहीत, वरही आली नाहीत. प्रोग्रामनं विचारलं, बदल साठवायचे का? हो, नाही. मी 'हो'वर बोट नेलं आणि माझ्या मनगटावर आईचा हात पडला.

ती कधी येऊन उभी राहिली ते कळलं नव्हतं. तिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. तोंड पडद्याला जवळजवळ टेकवून ती त्या राखाडी चौकटीकडे बघत होती. मी तिच्या छातीकडे बघत होतो. श्वास चालू होता.

"पिवळं कर," ती म्हणाली.

"आई, बस. मला तुला काही सांगायचंय. दादा—"

"माहीत आहे मला." आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसा. "बातमी आली त्या दिवशी तू बाहेरून आलास आणि भर दुपारी डोक्यावरून आंघोळ केलास. थंड पाण्यानं. नंतर श्रुतीनं केली. कोण गेल्याशिवाय कोण करतं तसं? डोळे गेलेत माझे, कान आहेत."

दोन महिने. दोन महिने ती ते मेसेज ऐकत होती, उत्तरं देत होती, पाच मोजत होती. माझ्यासाठी. मला तेव्हा रडू फुटलं, दोन महिन्यांचं, तोंड उघडं ठेवून, लहान पोरासारखं. आईनं पदरानं माझं तोंड दाबलं. पुसलं नाही, दाबलं.

"चूप," ती कुजबुजली. "तो ऐकेल."

"आई..."

"ना त्याच्या नावानं दिवा, ना पिंड, ना दहावा. कोण सांगितलं त्याला? कोणीच नाही सांगितलं. त्याला कुठं माहीत आहे, बाळा? सुट्टी मिळाली म्हणून येऊलालाय तो." तिची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. "त्याला सोसणार नाही. धक्का बसेल. आत्ता नको सांगू."

जिन्यात काहीच आवाज नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी उभं राहून वाट बघत होतं, आणि ते कशाची वाट बघतंय ते मला माहीत होतं. मी 'हो' दाबू शकलो असतो. मी आईकडे पाहिलं. त्या हिरव्या साडीत ती गेल्या चार वर्षांत दिसली नव्हती इतकी बरी दिसत होती.

मी 'नाही' दाबलं.

चौकट पिवळी झाली. टक्. मग ओढल्याचा आवाज. टक्.

आईनं स्वतः जाऊन दार उघडलं. मी खोलीतच होतो, तिथून अर्धं दार दिसतं. उंबऱ्यापलीकडे निळा कोट दिसला. तो कोट मी ओळखला. वहिनीनं डिसेंबरात फोनवर दोन कोट धरून दाखवले होते आणि विचारलं होतं, भावजी, यांना कुठला घालू? निळा, मी म्हणालो होतो. तो आईच्या पाया पडायला वाकला. कोट पाठीवर मानेपासून खालपर्यंत सरळ कापलेला होता आणि वाकताना दोन बाजूंना उघडला. तिकडे शेवटचे कपडे मागून कापूनच चढवतात, हेही वहिनीनं सांगितलं होतं. आतलं मी बघितलं नाही. नजर खाली नेली आणि फरशीच्या फटी बघत राहिलो.

"दम लागला का रे जिन्यानं?" आई विचारत होती. "ये, आत ये. बारीक झालास."

बॅग उंबऱ्यावरून आत आली. पावलं आली. थंडी आली, उघड्या फ्रिजसमोर उभं राहिल्यासारखी, पायांना लागणारी. माझ्यासमोर काळे, नवे कोरे बूट थांबले. मी डोळे पुसले होते, पण चेहरा लपत नव्हता.

"रित्या," दादा म्हणाला. आवाज त्याचाच होता. "कायकू रडायलास बे? आई पण अशी धरून ठेवली मला. काय झालं घरात? कोण गेलं काय?"

आई त्याच्या मागे उभी होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, नाही.

"कुणी नाही, दादा," मी म्हणालो. "सगळे आहेत. तू बस, मी चहा टाकतो."